जुना तीनसीटर सोफा घरच्या घरी नव्यानं करणे : पट्टे, फोम, कापड, शिलाई

दुधना_काठ
सागवानी फ्रेमचा तीनसीटर आहे. बसायच्या तीन सुट्या गाद्या २२ × २२ × ४ इंच, पाठीच्या तीन २२ × १८ × ४. हातांवर आणि मागं रेक्झिन ठोकलेलं. खालचे पट्टे लोंबायलेत, बसलं की बूड थेट आडव्या दांडीला टेकतंय. फोमचा पिवळा भुगा फरशीवर पडायलाय, रेक्झिनची सालं निघायलीत. लाकूड मात्र ठणठणीत दिसतंय. घरी पायाचं शिलाई मशीन आहे, मोटर लावलेली. कापड किती आणावं, फोम कोणता, ठोकायचं कशानं? कापड कुठलं घ्यावं इथपासून सुरुवात करू का?

बालाघाट
कापडापासून नको, ते सगळ्यात शेवटी. आधी सोफा उलटा करा आणि खालचं काळं कापड काढा.

फ्रेम बघायची ती अशी. एक पुढचा कोपरा वितभर उचला. दुसरा पुढचा पाय लगेच उचलला गेला तर सांधे घट्ट आहेत. तो जमिनीवरच राहिला आणि फ्रेम पिळली तर सांधे सुटलेत. सुटलेल्या सांध्यात नुसता स्क्रू मारून भागत नाही. सांधा पूर्ण उघडा, जुना सरस खरवडून लाकूड उघडं करा, पांढरा फेविकॉल लावा आणि आवळा. मोठा क्लॅम्प नसेल तर फ्रेमभोवती सुती दोरीचे दोन वेढे घ्या, मधे दांडकं घालून पीळ द्या आणि दांडकं फ्रेमला अडकवून ठेवा. चोवीस तास हात लावू नका. मग आतल्या कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे, दीड इंची स्क्रूनं. स्क्रूला आधी बारीक भोक पाडा, नाहीतर सागवान चिरतं.

लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर भुंगा आहे. मातीच्या नळ्या असतील तर वाळवी. दोन्हीला लाकडाचं तयार औषध ब्रशनं दोन हात, भोकांत सिरिंजनं. डब्यावर लिहिलंय तेवढं पूर्ण वाळू द्या, वास गेल्याशिवाय फोम ठेवू नका. फोम वास धरतो.

फ्रेम भुशाच्या बोर्डाची असेल, पाण्यानं फुगलेली असेल, तर हा धागा इथंच सोडा. त्यात कापड-पट्टे ठोकायच्या पिना धरत नाहीत.

टाका_बारीक
जुनं रेक्झिन ओढून फाडू नका, दादा. तोच तुमचा नमुना आहे. प्रत्येक तुकड्यामागं मार्करनं लिहा : "उजवा हात, आतला", "मागची बाहेरची" वगैरे, आणि वरच्या बाजूला बाण. काढण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, विशेषतः हात आणि पाठ जिथं भेटतात तिथला. ती घडी नंतर आठवत नाही.

उतरवायचा क्रम : खालचं काळं कापड, मागची बाहेरची बाजू, हातांची बाहेरची, मग पाठीची आतली, हातांची आतली, शेवटी बैठकीवरचं. चढवताना बरोबर उलटा. बाहेरची बाजू आधी ठोकून बसलात तर आतलं कापड ओढून घ्यायला हात शिरवायला जागा राहत नाही.

पिना काढायला चपट्या स्क्रूड्रायव्हरला कानशीनं टोक करून घ्या. पिनेखाली घाला, पिळा, पकडीनं उपटा. तुटलेलं टोक निघत नसेल तर हातोडीनं आत बसवा. डोळ्याला चष्मा लावा, पिना उडतात. नाकाला फडकं बांधा, आणि हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा. जुन्या फोमची धूळ घरात आठवडाभर फिरत राहते. शेवटी जमिनीवरून लोहचुंबक फिरवायचं विसरू नका, पोरं अनवाणी असतात.

दुधना_काठ
सांधे घट्ट आहेत, भुसा नाही. आता पट्टे?

बालाघाट
सोफा बसतो तो बहुतेक वेळा पट्ट्यांमुळं, आणि लोक बदलतात वरचं कापड. दोन इंची इलॅस्टिकचा सोफा-बेल्ट घ्या. तुमची बैठक साधारण ६६ × २२. पुढून मागं जाणारे पट्टे, दोन पट्ट्यांत दोन इंच मोकळे सोडून, १६ लागतील. आडवे ४, चटईसारखे वर-खाली विणून. एकूण १६ मीटर आणा.

ताण किती, ह्यावर सगळं आहे. २२ इंचांच्या मोकळ्या जागेसाठी पट्ट्यावर २० इंचांवर खूण करा. मागच्या दांडीवर एक टोक ठोका, आणि खूण पुढच्या दांडीच्या आतल्या कडेवर येईपर्यंत ओढा. सगळे पट्टे खुणेनंच ओढायचे, हाताच्या अंदाजानं नाही. अंदाजानं ओढलं की पहिले चार ढिले आणि शेवटचे, हात सरावल्यावर, ताठ होतात. ताठ पट्टे सगळं वजन घेतात आणि तेच आधी तुटतात. आडव्यांना ताण कमी, ६६ ला ६२-६३ इंच.

टोकाला एका ओळीत ५ पिना मारा, इंचभर उरलेलं टोक त्यावर दुमडा, परत ५ पिना. दांडीची आतली धारदार कड आधी पॉलिश पेपरनं गोल करून घ्या, नाहीतर ती रोज थोडा थोडा पट्टा कापत राहते. ठोकून झाले की तळहातानं मध्यभागी दाबा. दीड-दोन इंच दबून परत वर यायला पाहिजे.

पट्ट्यांवर तरटाचा किंवा जाड कॅनव्हासचा एक थर ठोका, ढिला नाही पण ताणलेलाही नाही. हा नसला तर फोम पट्ट्यांच्या फटींत शिरून खालून झिजतो.

शंभर_पिना
पिनांबद्दल. हाताचा टॅकर (हातानं दाबून पिन मारायचं अवजार) सागवानात १० मिमीची पिन पूर्ण बसवत नाही. अर्धा-एक मिमी वर राहते आणि तिथंच कापड फाटायला सुरुवात होते. हातानंच करणार असाल तर कापडाला ६-८ मिमीची पिन वापरा, वर राहिली की लगेच हातोडीचा हलका ठोका. पट्ट्यांना हाताच्या टॅकरचा भरवसा धरू नका; पाऊण इंची चपट्या डोक्याच्या चुका मारा, टोकाला पाच.

हवेची गन भाड्यानं मिळत असेल तर घ्या. ८० सिरीजच्या पिना लागतात : कापडाला ८-१०, पट्ट्याला १४ मिमी. दाब ७० पीएसआयपासून सुरू करून भंगार तुकड्यावर बघा. जास्त दाबावर पिन कापड कापून लाकडात जाते, वरून नीट दिसते आणि ओढल्यावर कापड हातात येतं.

गाडीवाट
आमच्याकडच्या जुन्या सोफ्यांत पट्टे नसतात हो, स्प्रिंगा असतात, गोल. वर काथ्या आणि कापूस. त्या पण काढून फेकायच्या का?

बालाघाट
फेकू नका. स्प्रिंग सहसा जात नाही, तिला बांधलेली सुतळी कुजते. खालचे निवारीचे पट्टे नवे, ताठ घाला (इथं इलॅस्टिक चालत नाही, स्प्रिंग स्वतःच लवचीक आहे), स्प्रिंगा दाभणानं पट्ट्यांना शिवा, वरून जाड सुतळीनं आडव्या, उभ्या आणि दोन्ही तिरक्या बांधा. बांधताना इंच-दीड इंच दाबून. वाकलेली स्प्रिंग तेवढी बदला. काथ्या झटकून, उन्हात वाळवून परत वापरता येतो. कापूस गोळे झाला असेल तर पिंजून घ्या. आपल्या भागात कापूस पिंजणारा अजून सापडतो.

मोजमाप
फोम. दुकानात "चाळीस डेन्सिटी" म्हणतात म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. ह्याचा सरळ उपयोग असा की फोम काट्यावर ठेवून तपासता येतो. ७२ × ३६ × ३ इंचांचा तक्ता ४० चा असेल तर ५ किलोच्या आसपास भरतो, ३२ चा ४ किलो, २८ चा साडेतीन. दाबून बघण्यात काही अर्थ नाही. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. हलका फोमही कडक करता येतो, तो दुकानात छान वाटतो आणि वर्षभरात बसतो.

तुमच्या बैठकीला ३ इंच ४० चा, वर १ इंच २८-३२ चा मऊ थर. पाठीला ४ इंच, २३-२८ चा पुरे. पाठीला ४० घातला तर भिंतीला टेकून बसल्यासारखं होतं. ७२ × ३६ च्या एका तक्त्यातून बैठकीचे तीन तुकडे निघतात आणि साडेतेरा इंचांची लांब पट्टी उरते, ती हातांवर जाते.

तुकडा खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा कापा : २२ च्या खोळीला साडेबावीस. बरोबर मापाचा कापला की महिन्याभरात कोपरे रिकामे पडतात. कापायला हॅकसॉचं नवं पातं, न दाबता लांब लांब ओढायचं. दाबलं की कड आत वळते.

दोन थर चिकटवायला सिंथेटिक रबराचा, एसआर लिहिलेला डिंक. दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला दोरा सुटेनासा झाला की टेकवा. मे महिन्यात तो पाच मिनिटांतच सुकतो, म्हणून सावलीत आणि सकाळी करा. वाफ पेट घेते, गॅस किंवा उदबत्ती जवळ नको. पांढरा फेविकॉल इथं वापरू नका. दोन फोमांमधे तो धड वाळत नाही आणि वाळला तर कडक रेघ होते, ती बसल्यावर टोचते.

सगळ्यावर पॉलिएस्टर फायबरची पातळ शीट गुंडाळा. कापड फोमला घासत नाही आणि कोपरे भरलेले दिसतात.

दुधना_काठ
वजनाचं भारीच. आता कापड विचारू का? 😀

टाका_बारीक
आता विचारा! सोफ्याचं कापड ५४ इंच पन्ह्याचं येतं, त्यावर हिशोब. शिलाईची माया सगळीकडं अर्धा इंच.

बैठकीच्या गाद्यांचे वर-खालचे ६ तुकडे २३ × २३. पन्ह्यात दोन बसतात, म्हणजे तीन ओळी, ६९ इंच. बाजूच्या ५ इंची पट्ट्या आणि चेनच्या पट्ट्या मिळून ३०. पाठीच्या गाद्या : २३ × १९ चे ६ तुकडे, ५७ इंच, पट्ट्यांना आणखी ३०. हात आतून ५२, बाहेरून ४०. मागची बाहेरची बाजू रुंद असल्यानं जोड येतो, ५६. बैठकीची पुढची झालर-पट्टी २०. एकूण ३५४ इंच, ९ मीटर. पायपिंगला (गादीच्या कडेनं शिवायची दोरीची गोट) पाऊण मीटर. १० मीटर आणा.

गाद्यांच्या खाली झाकलं जाणारं सगळं अस्तराच्या साध्या कापडात करा, तिथं महागाचं कापड घालणं म्हणजे पैसे गादीखाली ठेवणं. मोठी फुलं किंवा चौकटी असतील तर १२ ते साडेबारा मीटर लागतं, कारण प्रत्येक गादीवर फूल मधे आणावं लागतं. पहिल्यांदा करताय तर बारीक पोताचं, एकरंगी घ्या.

मखमल किंवा शेनील असेल तर लव वरून खाली, सगळ्या तुकड्यांना तीच दिशा. एक तुकडा उलटा लागला तर तो वेगळ्या रंगाचा दिसतो. पन्ह्याच्या कडेला ८ इंचांचा पट्टा उरतो, त्यात एका गादीची बाजूची पट्टी निघते असं वाटेल. साध्या कापडाला चालतं, मखमलीला नाही, लव आडवी होते.

मांजराकाठ
परत रेक्झिनच घालू नये का? पुसलं की झालं. धुवायला पाणी कुणाकडं आहे? लातूरनं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय.

मोजमाप
पुसायला सोपं, मान्य. पण आपल्याकडं एप्रिल-मेला पारा ४२ च्या वर, घर पत्र्याचं असेल तर विचारूच नका. रेक्झिनमधला प्लास्टिक मऊ ठेवणारा अंश उष्णतेनं निघून जातो, ते ताठ होतं आणि शिलाईवर तडकतं. पीयूचं (पॉलियुरेथेनचा थर असलेलं) असेल तर डोक्याच्या तेलानं आणि घामानं वरचा पापुद्रा सुटतो. दुधना_काठ यांच्या सोफ्याची सालं निघताहेत ती बहुधा त्यामुळंच. शिवाय घामानं मांड्या चिकटतात.

पाण्याचा प्रश्न खरा आहे, त्याला उत्तर चेनची खोळ आणि मळखाऊ रंग. सगळा सोफा धुवायचा नसतो, एका वेळी एक खोळ. धूळ रोज कोरड्या ब्रशनं.

टाका_बारीक
रेक्झिन करणारच असाल तर : १८ नंबरची सुई, टाका ४ मिमीचा. बारीक टाका घातला तर रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. उसवून परत शिवता येत नाही, भोकं तशीच राहतात, म्हणून टाचण्या न लावता क्लिपा लावा. मशीनचा पाय सरकत नसेल तर खाली पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. ठोकण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ होतं आणि कोपऱ्यावर नीट बसतं. आणि प्रत्येक गादीची खालची बाजू कापडाची ठेवा. हवा निघायला वाट नसली की बसताक्षणी ती शिलाईतून निघते आणि शिलाई फाडते. बैठक प्लायची असेल तर प्लायला इंचाची चार-सहा भोकं पाडा, कारण तेच.

वेरूळची_वाट
संभाजीनगरचं हिमरू चालेल का सोफ्याला? दिसायला काय सुंदर!

टाका_बारीक
ताई, बैठकीला नाही. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे तरंगत असतात. घासलं, अंगठीत अडकलं की ओढले जातात आणि पुढं नक्षी आक्रसते. दोन उशांना घाला, आतून पातळ अस्तर लावून. बैठकीला पॉलिएस्टर किंवा मिश्र विणीचं, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचं. घासणीचा आकडा, मार्टिनडेल, लिहिलेला असेल तर घरासाठी २०,००० च्या वरचं. शुद्ध सुती घेणार असाल तर कापण्याआधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर खोळ गादीवर चढत नाही.

दुधना_काठ
शिलाई माझ्या मशीनवर होईल? पायपिंग पण?

टाका_बारीक
होईल. १६ नंबरची सुई, जाड कापडाला १८. दोरा जीन्सचा, पॉलिएस्टर, वर आणि बॉबिनमधेही तोच. टाका साडेतीन मिमी. पायपिंगच्या जोडावर सहा-आठ थर येतात, तिथं मोटर सोडा आणि चाक हातानं फिरवा.

पायपिंगला दीड इंची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, आत ४-५ मिमीची दोरी. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर चुण्या धरते. सहा गाद्यांना वर-खाली मिळून २६ मीटर दोरी लागेल. मशीनला चेनचा एकेरी पाय लावा, त्याशिवाय टाका दोरीला चिकटून पडत नाही. कोपऱ्याला पट्टीच्या मायेत तीन चिरे द्या, शिलाईच्या दोरापर्यंत नेऊ नका, आणि कोपरा किंचित गोल शिवा. अगदी काटकोनी शिवलेला कोपरा उलटवल्यावर कुत्र्याच्या कानासारखा वर येतो.

चेन ५ नंबरची, रोलवरची. २२ इंचांच्या गादीला २८ इंच कापा, म्हणजे मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून तीन-तीन इंच बाजूला वळते आणि फोम मोडून न घालता आत जातो. चेनला ३ इंचांच्या दोन पट्ट्या, बाकी बाजूला ५ इंची पट्टी ६२ इंच. जोड पुढं येऊ देऊ नका, मागच्या कोपऱ्याजवळ घ्या. चौथी बाजू बंद करायच्या आधी चेन अर्धी उघडी ठेवा. उलटी खोळ बंद चेननं उलटवता येत नाही, हे शिवून झाल्यावरच कळतं सगळ्यांना.

सुटणाऱ्या कापडाच्या कडा आधी ओव्हरलॉक किंवा झिगझॅग करा. शेनील तर कात्री लावताच सुटायला लागतं.

खोळीत फोम घालताना तो मोठ्या पातळ प्लास्टिक पिशवीत घालून सरकवा. पुढचे कोपरे बसले की पिशवी ओढून घ्या.

शंभर_पिना
हातांवर आणि पाठीवर ठोकताना : आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, अर्धवट. मग मध्यापासून कोपऱ्याकडं, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं. एक बाजू पूर्ण ठोकून मग दुसरी ओढली की कापडाचा धागा वाकडा जातो आणि तिरक्या रेघा पडतात. कोपऱ्याचे ३ इंच शेवटपर्यंत मोकळे ठेवा. तिरकी सुरकुती दिसली तर ती ज्या कोपऱ्याकडं बोट दाखवते तिथली पिन काढा, तिथं जास्त ओढलंय.

दांडीभोवती कापड न्यायचं तिथं वाय आकाराचा चिरा, दांडीच्या अर्धा इंच आधी थांबायचं. ओढल्यावर तो अर्धा इंच आपोआप उघडतो.

मागच्या बाहेरच्या बाजूला पिना दिसू नयेत म्हणून कापड उलटं करून पाठीच्या वरच्या कडेला धरा, त्यावर अर्ध्या इंचाची जाड पुठ्ठ्याची पट्टी, पट्टीतून पिना, मग कापड खाली पलटवा. कड सुतासारखी सरळ येते. बाजूच्या कडा आत दुमडून वाकड्या सुईनं लपवा-टाका घाला. तळाची कड खाली वळवून फ्रेमच्या खालून ठोका.

गाडीवाट
कूलरच्या तोंडाशी सोफा असतो आमच्याकडं. फोमला वास येतो.

मोजमाप
पाण्याच्या कूलरची दमट हवा थेट आली की फोम ओल धरतो. सोफा झोतातून बाजूला घ्या. तेवढी जागाच नसेल तर विणलेलं कापडच घाला, आणि आठवड्यातून एकदा गाद्या उभ्या करून ठेवा. फोम कडक उन्हात उघडा ठेवू नका, उन्हानंच तो पिवळा पडून भुगा होतो.

दुधना_काठ
खालचं काळं कापड परत लावायलाच पाहिजे का? दिसत तर नाही.

शंभर_पिना
लावाच. पडणारी धूळ अडते ती एक गोष्ट, पण मोठं कारण उंदीर. गोदामाजवळ किंवा शेताकडंला घर असेल तर ते खालून फोममधे घर करतात. न विणलेलं काळं कापड दोन मीटर, कडा दुमडून दर दोन इंचांवर पिन. उंदरांचा जास्तच त्रास असेल तर त्याच्या आतून बारीक तारेची जाळी आधी ठोका, जाळीच्या कडा आत वळवून. पायांजवळ कापडाला चिरा जातो तिथं फट राहते, तिथं एक जास्तीचा तुकडा लावा.